उंबऱ्याबाहेरचे नातलग

आमच्या गावात कोण कोणाचा कोण, हे विचारायचे असेल तर लोक माझ्याकडे येतात. पाद्र्याकडे बाप्तिस्म्याची वही आहे, पण तिच्यात नुसती नावे आहेत. कोण रुसून कुठल्या बेटावर गेला, कोणाची मुलगी कोणाच्या घरी वाढली, कोणाच्या नावापुढचा बाप खरा आणि कोणाचा सोयीचा, हे वहीत नसते. ते माझ्या डोक्यात असते. माझे नाव फालेताऊ. हे नाव माझ्या बापाकडून मला आले, बापाला त्याच्या चुलत्याकडून. या नावाच्या माणसाने सरदाराच्या वतीने बोलायचे, कावा या मुळाच्या पेयाच्या रिंगणात वरच्या जागी बसायचे, पहिली करवंटी प्यायची आणि गावाच्या पिढ्या पाठ ठेवायच्या. ही चारही कामे मी चोख केली, असे मी परवापरवापर्यंत सांगत असे.

इनोके आणि पासिमाताची मुलगी लोसालिना, गावाच्या तोंडी लोसा, वय सव्वीस. कावा गाळायला तिच्यासारखा हात वावाऊ बेटसमूहाच्या या अंगाच्या तीन बेटांत नव्हता. कुटलेल्या मुळाची पूड चार पायांच्या लाकडी काथवटीत टाकायची, पाणी ओतायचे, मग सालीच्या तंतूंच्या जुडग्याने चोथा ओढून काढायचा, पिळायचा, झटकायचा, पुन्हा ओढायचा. बाकीच्या मुली हे काम भांडी घासल्यासारखे करतात. लोसा करायची तेव्हा मनगट फिरताना दिसायचे, पाणी हललेले दिसायचे नाही. आणि तोंड हाताच्या दुप्पट चालायचे.

तोंड चालायलाच हवे. शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पुरुष रिंगण करून बसतात ते काही नुसते गढूळ पाणी पिऊन जीभ बधिर करून घ्यायला नाही. गाळणारी मुलगी पुरुषांना चिडवते, पुरुष तिला चिडवतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, मध्येच कोणी गाणे धरतो. म्हणून नियम एकच. गाळायला बसलेल्या मुलीचा बाप, भाऊ, काका, मामा यांपैकी कोणीही रिंगणात नको. आणि आमच्याकडे भाऊ म्हणजे चुलत, मावस, आते, मामे, त्यांच्याही आजोबांचे नातू, सगळे भाऊच. भावासमोर बहिणीची थट्टा झाली तर करणाऱ्याने, ऐकणाऱ्याने आणि तिने, तिघांनीही तोंड लपवायचे. एकदा तोंगातापू बेटावरून आलेला पाहुणा हॉलमध्ये येऊन गुपचूप बसला. नावे पुकारायचे काम करणारा आमचा लोपेती त्या दिवशीच्या मुलीला म्हणाला, "तुझ्या हातचा पिऊन मला माझी बायकोसुद्धा तरुण दिसायला लागते." पाहुणा शांतपणे म्हणाला, "ही माझ्या मावशीची मुलगी." लोपेतीने पुढचे चार शनिवार त्या मावशीच्या दारात कोनफळांची टोपली नेऊन ठेवली. पाहुणा तोवर केव्हाच परत गेला होता.

मानासे हा नेइआफू बंदराच्या मालवाहू बोटीवरचा इंजिनवाला. गावचाच. खांदे रुंद, नखांत कायम तेल. दोन वर्षे तो काथवटीच्या डाव्या हाताला बसला आणि मुका राहिला. प्रेमात पडलेल्याने रिंगणात स्वतः बोलायचे नसते, शेजारी बसलेल्या मित्राने बोलायचे असते. त्याच्यासाठी कितिओने नावाचा मित्र बोलायचा. हा कोनफळाची शेती करणारा, सरळ माणूस, कानाची पाळी घोड्याने चावलेली.

"लोसा, माझ्या मित्राला झोप लागत नाही," कितिओने सुरू करायचा.

"मग आणखी दोन करवंट्या पाज. झोपवायला इथं दुसरं काय मिळतं?"

"तो म्हणतो, तुझ्या हातचा प्यायलं की उलट जाग येते."

"तो म्हणतो की तू म्हणतोस? दोन वर्षांत मी याचा आवाज ऐकला तो शिंकताना."

मानासे मान खाली घालून हसायचा. रिंगणाबाहेर तो मुका नव्हता, हे धक्क्यावर जाणारे-येणारे सगळे जाणून होते. कोनफळे निघाली की घरी मूळ घेऊन रीतसर मागणी घालायला येतो, असा शब्द त्याने तिला दिला होता. तिने तो आईला सांगितला, आईने विहिरीवर सांगितला, म्हणजे तो गावाचाच शब्द झाला. त्या भरवशावर लोसाने वायपोऊ गावच्या शिक्षकाच्या मागणीला नाही म्हटले होते. तोही वाईट नव्हता.

एका शनिवारी नव्या पाद्र्याच्या मानासाठी मी कावाच्या जन्माची गोष्ट सांगत होतो. दुष्काळ पडलेला, राजाची होडी एउएइकी बेटाला लागली. तिथे एक नवरा-बायको आणि त्यांची महारोग झालेली मुलगी. राजाला वाढायला घरात काही नाही, म्हणून त्यांनी मुलगीच मारून भट्टीत घातली. राजाला कळले, तो न जेवता उठला, म्हणाला हिला नीट पुरा. त्या मातीतून दोन झाडे आली, डोक्याकडून कावा आणि पायांकडून ऊस. उंदराने कावा कुरतडला, तो झोकांड्या खाऊ लागला. मग ऊस कुरतडला, सावरला. अशा रीतीने माणसाला कावा कळला.

"म्हणजे मोठेपणा राजाला, त्याग आईबापाला," लोसा पिळता पिळता म्हणाली. "आणि पोरीला काय?"

"झाडाला तिचं नाव दिलं की," मी म्हणालो.

"मेल्यावर. भट्टी पेटवताना कोणी विचारलं का, बाई, राजा आलाय, तुझं काय म्हणणं?"

"राजा दारात असताना विचारत बसतात काय," लोपेती म्हणाला.

"खरंच. सगळ्यांत बरं उंदराचं. दोन्हीकडं चाखून बघितलं आणि पायावर उभा राहिला." असे म्हणून तिने मानासेची करवंटी भरली. रिंगण हसले. मानासे सगळ्यांत जास्त हसला.

कोनफळे निघाली. मागणीचा शनिवार ठरला. त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी मानासे माझ्या दारात उभा, आणि पाठीवर फांद्यांसकट एक आख्खे कावाचे झाड. आठ वर्षांचे तरी असेल. मूळ असे की खाली टाकल्यावर कोंबड्या पळाल्या. मी इतक्या वर्षांत इतके मोठे मूळ सरदाराच्या अंगणातच पाहिले होते.

"फालेताऊ, मागणीला जायचं तर आपल्या घराबद्दल चार गोष्टी नीट माहीत हव्यात," तो म्हणाला. "माझ्या आजीची आई कुठली हो?"

आता अशा माणसाला कोरडे उत्तर कसे द्यायचे. मी त्याला चटईवर बसवले, नारळ फोडून दिला आणि सुरू झालो. आजीची आई वाइओला. इथलीच, टेकडीखालच्या घरातली. तिचा भाऊ लोलोहेआ, त्या काळचा नावाजलेला होडीवाला. लोलोहेआचा नातू कोण? इनोके. "म्हणजे बघ," मी म्हणालो, "तुमची दोन घरं चार पिढ्यांपासून जोडलेली आहेत. हे शनिवारी सांग. इनोकेची छाती फुगेल."

"म्हणजे आम्ही नात्यातले."

"आहे ते आहे."

"भाऊ-बहीण."

"पिढी मोजली तर, हो," मी म्हणालो आणि त्याला आणखी एक नारळ दिला.

एक गोष्ट मी सांगितली नाही. लोलोहेआ हा वाइओलाचा सख्खा भाऊ नव्हता. तिच्या बापाने तो दूरच्या नीउआ बेटाहून आणला होता, तापाच्या साथीत आईबाप गेलेले दोन वर्षांचे पोर. इथे वाढला, घरातला झाला, जमीन मिळाली, कावाच्या रिंगणात जागा मिळाली. तीच जमीन आणि तीच जागा आज इनोकेकडे आहे, आणि इनोकेला यातले काही ठाऊक नाही. हे जाणणारे तीन म्हातारे होते, त्यातले दोघे गेले. माझ्या बापाने मला सांगताना बजावले होते की हे उगाच बोलायचे नाही, जपून ठेवायचे ते एकाच कारणासाठी, की पुढेमागे या नात्यापायी कोणाचे लग्न अडू नये.

मी का सांगितले नाही? एवढे मोठे मूळ अंगणात पडलेले असताना नाते पातळ करून सांगायला जीभ वळली नाही. भरघोस मुळाला भरघोस वंशावळ, इतकाच माझा सौदा. आणि जे मूळ मुलीच्या घरी जायला हवे ते माझ्याकडे का आले, हे मी, सगळ्यांच्या देण्याघेण्यावर नजर ठेवणाऱ्याने, स्वतःला विचारलेही नाही.

शनिवारी दुपारी इनोकेच्या घरी चटया पडल्या. मुलगी गाळायला बसणार म्हणून बाप आणि दोघे भाऊ मागच्या चुलखोलीत जाऊन बसले. मधे भिंत म्हणजे विणलेल्या झावळ्या, शिंकले तरी ऐकू जाईल. पासिमाता दाराआडून सगळ्यांच्या चटया, मानाच्या प्रसंगी कमरेला गुंडाळायच्या त्या, निरखत होती. रिंगणात मी वर, माझ्या बाजूला लोपेती, पाद्री, गावातले आठ-नऊ जण, सगळे तिच्या नात्याबाहेरचे. कितिओने आधीच येऊन बसला होता, मांडीवर मूळ घेऊन. मूळ बेताचे होते, मुठीत मावेल असे. महिनाभर तो मागणीचे भाषण पाठ करत होता. त्याची डुकरेसुद्धा ते म्हणू लागली असतील, असे लोक चिडवायचे.

लोसाने केसांना तेल लावले होते आणि त्या दिवशी ती कोणालाच चिडवत नव्हती.

मानासे आला. नवी चटई, धुतलेला सदरा. पायऱ्या चढला आणि उंबऱ्याशी थांबला. मग आत यायचे सोडून तिथेच, बाहेरच्या फळीवर, मांडी घालून खाली बसला आणि मान लववली. कोणाला वाटले लाजतोय.

"ये की लेका आत," लोपेती म्हणाला. "जागा गरम करून ठेवलीय."

"माफ करा," मानासे म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो रिंगणाशी स्वतः बोलत होता. आवाज चांगला होता त्याचा. "मला आत येता येत नाही. माझी बहीण काथवटीपाशी बसली आहे."

दोघे-तिघे हसले. कितिओने हसला नाही. "कोणती बहीण?" त्याने विचारले.

"लोसालिना. माझी पणजी वाइओला आणि तिचे पणजोबा लोलोहेआ, बहीण-भाऊ. मला ठाऊक नव्हतं. फालेताऊंनी सांगितलं."

सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. लोसाचेही. तिचे हात पाण्यात होते.

मला तीनच शब्द बोलायचे होते. लोलोहेआ दत्तक होता. झावळ्यांच्या पलीकडे इनोके बसला होता. त्याच्या जमिनीची आणि जागेची मुळे दहा-बारा माणसांसमोर त्याच्याच घरात उपटायची, हे मला जमले नाही. लोकांना मी हेच कारण सांगेन. दुसरे कारण असे की ते तीन शब्द बोललो असतो तर सोमवारी मी अर्धेच सांगितले होते, हेही बोलावे लागले असते. दोन कारणांतले जड कुठले, हे मला ठाऊक आहे.

"नातं आहे," मी म्हणालो. "चार पिढ्यांचं."

"मग झालं," मानासे म्हणाला. "बहिणीच्या कावाला माझ्याकडून उशीर नको." त्याने पुन्हा मान लववली, उठला, पाठ न दाखवता दोन पायऱ्या उतरला आणि गेला. त्याने जे केले ते इतके रीतीला धरून होते की शिवी द्यायला त्याने कोणाला जागाच ठेवली नाही. बहिणीचा मान राखणाऱ्याला काय बोलणार?

कितिओनेच्या मांडीवर ते मूळ तसेच होते. मग लोसाने हात पाण्यातून काढले, जुडगा पिळला, झटकला आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "गाळून झालंय." लोपेतीने घसा खाकरून पहिले नाव पुकारले, "फालेताऊंना." तिने करवंटी भरली. नेहमी ती दुसऱ्याच्या हाती पाठवते. त्या दिवशी स्वतः उठून घेऊन आली.

"प्या, फालेताऊ," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेलं खोटं कधी निघत नाही."

मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी चर्चहून येताना पासिमाताने मला गाठले. आम्ही एका वयाचे, ती मला भीत नाही.

"अहो फालेताऊ, दोन वर्षं पोरगी त्याच्या शेजारी बसून गाळत होती, तेव्हा तुम्हाला वाइओला आठवली नाही. नेमकी या आठवड्यात आठवली?"

"मला कोणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही? तुम्ही तर माणसाने 'बरा आहेस का' विचारलं तरी त्याच्या खापरपणजोबापासून सुरू करता." आणि ती पुढे निघून गेली.

तीन रविवारांनी पाद्र्याने लग्नाची घोषणा वाचली. वर मानासे. वधू नेइआफूच्या बोटवाल्याची एकुलती मुलगी. लग्नाबरोबर बोटीचे सुकाणूही त्याच्याच हाती येणार, हे पाद्र्याने वाचले नाही, पण बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू आले. मी दोन रकाने मांडून पाहिले. प्रियकर म्हणून दिलेला शब्द मोडला असता तर गावाने त्याला फाडून खाल्ले असते, सासऱ्याच्या कानावरही गेले असते. भाऊ म्हणून मागे सरला तर गाव मान डोलावते. आणि हे सगळे त्याला मिळाले एका मुळात, तेही मी सुकवून, कुटून निम्मे पिऊनही टाकले होते.

लोसा त्या लग्नाला गेली. बोलावले नव्हते. मानासेला सख्खी बहीण नाही, आणि आमच्याकडे बहीण मानाने भावाच्या वरची. ती थेट वरच्या चटईवर जाऊन बसली. नवरीकडचे कुजबुजले, ही कोण? मानासेकडच्या बायकांना सांगावेच लागले की ही बहीण, गावासमोर त्याने स्वतः सांगितलेली. मग सगळ्यांत बारीक विणीची चटई आणि सालीच्या कापडाची घडी तिच्यापुढे आणून ठेवावी लागली. तिने घेतली, घरी आणली आणि डुकराच्या कुंपणावर वाळत टाकली. पासिमाता ओरडली. लोसा म्हणाली, "भावानं दिलंय. उन्हं दाखवायला नकोत?"

यात तिला काही मिळाले असे मला वाटत नाही. त्या रात्री जेवली नाही, असे पासिमाताने विहिरीवर सांगितले.

मग ती शनिवारी हॉलमध्ये काथवटीपाशी येऊन बसू लागली. पूर्वी मुली पाळीने बसायच्या. आता कोणाची पाळी असो, लोसा आधी हजर. बाकीच्या मुलींना बरेच झाले. पहिल्या शनिवारी मानासे आला, कप्तानाची टोपी घालून, आणि दारातूनच त्याला ती दिसली. तो थबकला, टोपी काढली, वळला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तो उशिरा आला, तिने उठून जावे म्हणून पायरीवर वाट पाहिली. लोसा जुडगा झटकत राहिली. वाट पाहून तो गेला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय मोठे. घरी प्यावा. पण माणूस रिंगणात असला तरच गावात असतो. बोटीवर कोण चढणार, धक्क्याची फळी कोण बदलणार, कोणाच्या मालाला आधी जागा, सगळे तिथे ठरते. सहा महिन्यांत मानासे असा कप्तान झाला की ज्याच्या बोटीच्या फेऱ्या त्याच्याशिवाय सगळ्यांना आधी कळत. सासरा नेइआफूत विचारू लागला, तुला तुझ्याच गावात कोणी बसायला का बोलावत नाही?

रिंगणाला सुरुवातीला गंमत वाटली, मग अवघड वाटू लागले. लोसाचे चिडवणे थांबले होते. गाळायची मात्र पूर्वीपेक्षा सुरेख. कितिओने अजून डाव्या हाताला बसायचा, आता स्वतःसाठी, आणि त्याच्या वतीने बोलायला जवळ कोणी नव्हते. एकदा त्याने धीर केला.

"लोसा, माझा एक मित्र आहे..."

"तुझे मित्र मला नकोत, कितिओने."

"बरं, मित्र नाही. मीच."

"लग्न झालेली बाई गाळायला बसत नाही," ती म्हणाली. "मी उठले तर तो येऊन बसेल."

आम्ही सगळ्यांनी करवंटीत पाहिले.

त्यानंतर मानासे माझ्याकडे आला. पाठीवर मूळ. या वेळचे विकतचे, पण मोठे. त्याने ते अंगणात ठेवले आणि बराच वेळ बोटीच्या इंजिनाबद्दल बोलला.

"फालेताऊ," शेवटी म्हणाला, "चार पिढ्यांचं ते... पक्कं आहे का हो? म्हणजे कुठं जरा पातळ असेल तर."

"तुला पक्कं हवं होतं तेव्हा पक्कं होतं."

"मला तुम्ही सांगितलंत. मी काय मागितलं होतं का?"

हे खरे होते, म्हणून जास्त लागले. मूळ परत ने म्हणालो. त्याने नेले नाही.

आता माझ्याकडे ते तीन शब्द होते आणि त्यांना गिऱ्हाईकही आले होते. मला वाटले, हे आधी तिला सांगावे. ती घरामागे सालीचे तंतू उन्हात पसरत होती. मी ओंडक्यावर बसलो आणि सगळे सांगितले. नीउआ, तापाची साथ, दोन वर्षांचे पोर. "तुमच्या दोघांत रक्ताचा थेंबही एक नाही," मी म्हणालो. "तू म्हणशील तर येत्या शनिवारी रिंगणात सांगतो. इनोकेला मी आधी समजावेन."

तिने एक एक तंतू सरळ केला.

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"तो उंबऱ्यावर बसला तेव्हा."

"होतं."

"मी तुमच्याकडं बघितलं तेव्हा?"

मी मान हलवली.

"तेव्हा कावा गाळायचा होता अजून," ती म्हणाली. "जीभ बधिर झाली असं म्हणायलाही जागा नाही तुम्हाला." तिचा आवाज चढला नव्हता. "त्याचं मला कळतं, फालेताऊ. त्याला बोट हवी होती, बोट मिळाली. मी असते तर मीही उड्या मारल्या असत्या कदाचित. तुम्हाला काय मिळालं?"

"मूळ," मी म्हणालो.

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

ती हसली, पण ते मला चिडवण्याचे हसणे नव्हते.

"सांगू का शनिवारी?" मी पुन्हा विचारले.

"सांगून काय होईल? तो आत येईल. डाव्या हाताला बसेल. मी त्याची करवंटी भरीन, तुम्ही सगळे हसाल. आणि बाबा घरी येऊन विचारेल की मी कोण." तिने हात झटकले. "नका सांगू. तो माझा भाऊ आहे. त्यानं म्हटलंय, तुम्ही म्हटलंय. राहू दे."

मी उठलो. मला वाटले सुटलो.

"फालेताऊ," ती मागून म्हणाली, "तुमच्या आईच्या आजीचं गाव कोणतं?"

"होलोंगा. का?"

"माझ्या आईकडचं कोणी होलोंगात दिलेलं असेल ना?"

मी तिच्याकडे पाहिले.

"शोधा. तुम्हाला सापडतं. मामा निघाला तरी चालेल, आजोबा निघाला तरी चालेल. मूळ हवं असेल तर तुमच्या अंगणात पडलंच आहे एक."

आठवडाभर मी शोधले. प्रामाणिकपणे सांगतो, होलोंगात काहीच नव्हते. पासिमाताच्या माहेरच्या तीन फांद्या मी शेंड्यापर्यंत चढलो, कुठेही माझ्या घराला टेकत नव्हत्या. इतके स्वच्छ, नातेच नसलेले माणूस या बेटावर मला दुसरे माहीत नाही. म्हणूनच तर एवढी वर्षे मी तिच्या हातची पहिली करवंटी पीत आलो.

शनिवारी दुपारी मी चटई बांधली आणि हॉलवर गेलो. आत सगळे बसले होते, वरची जागा मोकळी होती. लोसाने मान वर केली. मी उंबऱ्याशी थांबलो. गुडघे दुखतात, खाली बसायला वेळ लागला.

"माफ करा," मी म्हणालो. "मला आत येता येत नाही. माझी भाची काथवटीपाशी बसली आहे."

"भाची? कुठनं?" लोपेतीने विचारले.

"आईकडून. होलोंगाकडून. हे माझ्या आधी ध्यानात आलं नाही."

लोपेतीचे तोंड उघडे राहिले. चाळीस वर्षांत माझ्या ध्यानात काही आले नाही, असे कोणी ऐकले नव्हते. पण फालेताऊने सांगितलेल्या नात्यावर प्रश्न विचारायचा कोणी? मी पायऱ्या उतरलो. लोसाने मान खाली घालून जुडगा पिळायला घेतला होता.

बाहेर नीरफणसाखालच्या बाकावर मानासे बसला होता, टोपी गुडघ्यावर. दर शनिवारी तिथे बसतो, हे मला ठाऊक नव्हते. आत बसलेल्याला तो बाक दिसत नाही. तो सरकला, मी टेकलो.

"तुम्ही का बाहेर?" त्याने विचारले.

"नातं निघालं."

"खरं?"

"तुझ्याइतकंच."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. आतून लोसाचा आवाज आला, गाळून झालंय. मग शांतता. लोपेती चाचरत असणार, चाळीस वर्षांची सवय, तोंडात माझेच नाव आले असेल. शेवटी त्याने पुकारले.

"कितिओनेला."

आत, मी इथे आहे असे सांगणारी त्याची टाळी वाजली.

"त्याला मी शिकवलं होतं तिथं बसायला," मानासे म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो. "ऐकू दे."

दुसरे नाव पुकारले गेले, मग तिसरे. मी मोजत राहिलो.